पदवीचा खर्च आणि पुढची कमाई: हिशेब कसा मांडावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. शालेय शिक्षण संपवलेल्या एका मुलीला चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमासाठी दोन महाविद्यालयांत प्रवेश मिळतो आहे. एकाची फी दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक असून तिथे जायचे तर कर्ज काढावे लागेल. त्याच वेळी साधी, पण नियमित पगाराची एक नोकरीही तिच्यासमोर आहे. पदवीचा खर्च पुढच्या कमाईतून भरून निघेल का, आणि निघणार असेल तर कोणत्या महाविद्यालयात, असे तिच्या पालकांनी विचारले आहे. सोबत त्यांनी स्वतःचा हिशेबही दिला आहे: एका बाजूला चार वर्षांची फी आणि दुसऱ्या बाजूला माहितीपत्रकातील ‘सरासरी पॅकेज’ गुणिले नोकरीची अडतीस वर्षे. या हिशेबात पदवी इतकी फायद्याची दिसते की मुळात प्रश्न पडण्याचेच कारण उरत नाही.

शैक्षणिक कर्जाचे प्रस्ताव तपासण्यात आणि पुढे विद्यार्थ्यांना सल्ला देण्यात माझी बरीच वर्षे गेली असून या धर्तीचे कागद मी नेहमी पाहत आलो आहे. त्यांतला गुणाकार सहसा बरोबर असतो. गोंधळ असतो तो कशाची तुलना कशाशी करायची, यात. म्हणून आधी हिशेब नव्याने मांडू आणि मग दोन महाविद्यालयांकडे वळू.

पदवीमुळे मिळणारा पगार हा पदवीचा लाभ नव्हे. पदवी नसतानाही जो पगार मिळाला असता, तो वजा केल्यावर जे उरते तेवढाच लाभ पदवीच्या खात्यावर जमा करता येतो. खर्चाच्या बाजूलाही अशीच दुरुस्ती हवी. फी तर धरायचीच, पण शिकताना जी चार वर्षे कमाई होत नाही, ती बुडालेली कमाईदेखील खर्चच असतो आणि बहुतेक वेळा तो फीपेक्षा मोठा असतो. याउलट जेवणखाण, कपडे, मोबाइल यांचा सगळा खर्च पालक पदवीच्या माथी मारतात, ते बरोबर नाही. मुलगी नोकरीला लागली असती तरी जेवलीच असती. शिक्षणामुळे जो जादा खर्च होतो, उदाहरणार्थ घर सोडून वसतिगृहात राहावे लागल्यास तिथले भाडे, तेवढाच मोजावा.

आता आकडे घेऊ. चलन कोणतेही असो, पदवीविना मिळणारा वार्षिक पगार १०० मानू. महागड्या महाविद्यालयाची वार्षिक फी ६०, शिकताना कमाई शून्य, पदवीनंतरचा पगार १५०, आणि नोकरी वयाच्या अठराव्या वर्षापासून साठीपर्यंत. सगळे आकडे आजच्या किमतीतले, म्हणजे महागाई बाजूला ठेवून धरलेले आहेत. चार वर्षे दरसाल ६० फी आणि १०० बुडालेला पगार, असा एकूण खर्च ६४० होतो. त्यानंतर अडतीस वर्षे दरसाल ५० जादा, म्हणजे १९००. निव्वळ फायदा १२६०. पालकांच्या मूळ हिशेबापेक्षा हा बराच सौम्य आहे, तरीही तो दिशाभूल करणाराच आहे, कारण यात आज खर्च होणारा पैसा आणि तीस वर्षांनी मिळणारा पैसा एकाच मापाने मोजला आहे.

आजचा पैसा गुंतवला तर व्याजाने वाढतो, म्हणून पुढे मिळणारा पैसा व्याजाच्या दराने घटवून मोजावा लागतो. दरसाल ५ टक्के दर धरला, तर दहा वर्षांनी मिळणाऱ्या १०० चे आजचे मोल सुमारे ६१ भरते आणि तीस वर्षांनी मिळणाऱ्या १०० चे अवघे २३. पदवीचा खर्च सगळा सुरुवातीला येतो आणि लाभ पुढच्या चार दशकांवर पसरलेला असतो, त्यामुळे ही वजावट लाभावर फार जड पडते. याच उदाहरणात ५ टक्के दराने खर्चाचे आजचे मोल सुमारे ५९६ येते आणि लाभाचे ७२९. म्हणजे १२६० चा फायदा १३३ वर आला. दर ८ टक्के धरला तर तोच व्यवहार सुमारे १०३ च्या तोट्यात जातो. फायदा आणि तोटा यांची सीमारेषा सुमारे ६.४ टक्क्यांवर आहे. या पदवीतील गुंतवणुकीवर मिळणारा परतावा तो एवढाच.

दर कोणता धरावा, यावर पुष्कळ वाद घालता येतो. माझी पद्धत साधी आहे. स्वतःची बचत वापरणार असाल तर तीच रक्कम सुरक्षित ठिकाणी गुंतवून जे व्याज मिळाले असते ते धरावे, आणि कर्ज काढणार असाल तर कर्जाचा व्याजदर धरावा. मात्र पगार आजच्या किमतीत मांडला असेल, तर व्याजदरातूनही महागाईचा दर वजा केला पाहिजे. कर्ज ८ टक्क्यांचे आणि महागाई ४ टक्के असेल तर खरा दर ४ टक्क्यांच्या आसपास येतो. पगारवाढीत महागाई धरायची आणि व्याजात धरायची नाही, किंवा नेमके उलटे करायचे, अशी सरमिसळ झाली की त्या हिशेबातून हवे ते उत्तर काढता येते.

या मांडणीची खरी उपयुक्तता १३३ हा आकडा मिळण्यात नाही. तो आकडा कशाने हलतो, हे तीत दिसते, आणि ते पाहून अनेक पालकांना धक्का बसतो. चार वर्षांची पदवी पाच वर्षांत पूर्ण झाली, बाकी सर्व तसेच राहिले, तर १३३ च्या फायद्याचे सुमारे ४० च्या तोट्यात रूपांतर होते. एका वर्षाची फी, त्या वर्षाचा बुडालेला पगार आणि पदवीधर म्हणून कमाईचे एक वर्ष कमी, हे सगळे एकदम अंगावर येते. फीमध्ये थोडी सवलत मिळावी म्हणून खेटे घालणारे पालक त्या महाविद्यालयातील किती विद्यार्थी ठरलेल्या वेळेत उत्तीर्ण होतात, हे क्वचितच विचारतात. प्रत्यक्षात तो प्रश्न अधिक पैशांचा आहे.

याहून गंभीर शक्यता पदवी अर्धवट सुटण्याची. दोन वर्षांनी शिक्षण सोडले आणि अर्ध्या शिक्षणाबद्दल पगारात काहीच वाढ मिळाली नाही, असे धरले, तर तोटा सुमारे ३१२ होतो. पदवी पूर्ण होण्याची शक्यता ७० टक्के असेल, तर १३३ चे ७० टक्के आणि ३१२ चे ३० टक्के यांची बेरीज-वजाबाकी जवळजवळ शून्यावर येते. म्हणजे दहापैकी तीन विद्यार्थी मध्येच गळत असलेल्या अभ्यासक्रमात प्रवेश घेतानाच सारा फायदा संपलेला असतो, मग माहितीपत्रकात काहीही छापलेले असो. आपली मुलगी त्या तिघांत नसेल, असे प्रत्येक पालकाला वाटते आणि ते कदाचित खरेही असेल. परंतु त्यासाठी तिचे आजवरचे गुण, विषयाची आवड आणि घरची आर्थिक स्थिरता यांचा आधार दाखवता यायला हवा.

अर्धवट शिक्षणाला बाजारात इतकी कमी किंमत का मिळते, हे समजण्यासाठी अर्थशास्त्रातील एक जुना वाद कामाला येतो. शिक्षण ही माणसात केलेली भांडवली गुंतवणूक आहे, तिच्यामुळे कौशल्य वाढते आणि म्हणून पगार वाढतो, ही मांडणी गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये सविस्तर केली. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये वेगळी बाजू पुढे ठेवली: उमेदवार किती कुवतीचा आहे हे मालकाला थेट दिसत नाही, त्यामुळे पदवी ही त्या कुवतीची खूण म्हणून वापरली जाते, मग अभ्यासक्रमातून प्रत्यक्ष कौशल्य वाढो अथवा न वाढो. दोघांनाही पुढे नोबेल मिळाले, बेकर यांना १९९२ मध्ये आणि स्पेन्स यांना २००१ मध्ये. दोन्ही मांडण्यांत तथ्य आहे. पगार मिळवणाऱ्याला तो कौशल्यामुळे मिळाला की खुणेमुळे, याने फरक पडत नाही, असे वरवर वाटेल. पण केवळ कौशल्याचाच मोबदला मिळत असता, तर चारपैकी तीन वर्षे शिकलेल्याला साधारण तीन चतुर्थांश लाभ मिळायला हवा होता. अनेक अभ्यासांत दिसते ते असे की, शेवटचे वर्ष पूर्ण होऊन पदवी हाती पडली की पगारात होणारी उडी आधीच्या कोणत्याही एका वर्षापेक्षा मोठी असते. म्हणून ‘जमेल तेवढे शिकून बघू’ हा मार्ग ऐकायला सावध वाटला तरी बहुतेक वेळा सर्वांत महाग पडतो.

याला जोडूनच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण दोन वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा येऊ शकतो. अभ्यासक्रम मध्यावर आला असताना तो चालू ठेवावा की सोडावा, हे ठरवताना आधी गेलेला पैसा हिशेबात धरायचा नसतो. तो कोणत्याही निर्णयाने परत येत नाही. आपल्याच उदाहरणात दोन वर्षांनंतर उरलेला खर्च सुमारे ३१२ आणि समोर दिसणारा लाभ त्या वेळच्या मोलाने सुमारे ८०३ असेल. प्रवेशाच्या दिवशी जेमतेम फायद्याची असलेली पदवी मध्यावर आल्यावर भरघोस फायद्याची होते. तेव्हा ‘आधीच इतके पैसे गेले’ हे शिक्षण पुढे रेटण्याचे कारण नव्हे, तसेच ‘आता आणखी कशाला घालवायचे’ हे सोडण्याचेही नव्हे.

आता त्या ५० च्या फरकाकडे पाहू, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. पदवीधरांचा सरासरी पगार आणि इतरांचा सरासरी पगार यांतला फरक थेट उचलून इथे ठेवता येत नाही. जे पदवीपर्यंत पोहोचतात त्यांची कुवत, चिकाटी आणि घरची परिस्थिती आधीच वेगळी असते. पदवी नसती तरी त्यांतले अनेकजण सरासरीहून जास्त कमावते झाले असते. हा घोळ सोडवण्यासाठी अर्थशास्त्रज्ञांनी बरीच खटपट केली आहे. जुळ्या भावंडांच्या शिक्षणाची आणि पगाराची तुलना झाली, तसेच जन्मतिथीमुळे किंवा महाविद्यालय घराजवळ असल्यामुळे ज्यांचे शिक्षण थोडे जास्त झाले अशांचाही अभ्यास झाला. निष्कर्ष एकंदरीत शिक्षणाच्या बाजूने आहेत: कुवतीचा भाग वेगळा काढला तरी शिक्षणाचा लाभ नाहीसा होत नाही. जगभरातील अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे कमाईत सरासरी सुमारे ९ टक्के वाढ आढळली. पण सरासरीचा हा दिलासा एखाद्या विशिष्ट महाविद्यालयातील विशिष्ट शाखेला लागू होईलच, असे नाही. वैद्यक किंवा वकिली यांसारख्या, परवान्याशिवाय करता न येणाऱ्या व्यवसायांत पदवी हे प्रवेशद्वारच असते, तिथे तुलना सोपी आहे. अन्यत्र शाखाशाखांमधला फरक अनेकदा पदवी असण्या-नसण्यातल्या फरकाइतका मोठा असतो, आणि एकाच शाखेच्या पदवीधरांतही पगार फार विखुरलेले असतात.

म्हणूनच ‘सरासरी पॅकेज’ हा आकडा मी हिशेबात घेत नाही. पाच विद्यार्थ्यांचे पगार १००, ११०, १२०, १३० आणि ५४० असतील, तर सरासरी २०० येते. ती पाचांपैकी चौघांना मिळालेली नाही. ओळीने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, म्हणजे मध्यक, १२० आहे आणि नियोजन त्याच्यावरच करावे. शिवाय माहितीपत्रकातील सरासरी बहुधा नोकरी मिळालेल्यांचीच असते. ज्यांना मिळाली नाही, ज्यांनी नाव नोंदवले नाही आणि ज्यांनी माहितीच कळवली नाही, ते सगळे छेदातून गळालेले असतात. एकूण प्रवेश किती, ठरलेल्या वेळेत उत्तीर्ण किती, नोकरी किती जणांना, त्यांचा मध्यक किती आणि खालून पंचविसाव्या टक्क्यावरचा पगार (ज्याहून कमी पगार एक चतुर्थांश जणांना मिळतो) किती, एवढे पाच आकडे महाविद्यालयाकडून लेखी मागावेत. जे महाविद्यालय ते देऊ शकत नाही किंवा देऊ इच्छित नाही, त्याबद्दल त्या नकारातूनच बरेच कळते. पॅकेजमधील एकदाच मिळणारा बोनस, कामगिरीवर अवलंबून असलेला भाग आणि कर वजा करून हातात किती पडते, तेही पाहावे. जिथे वाढत्या कमाईवर कराचा दर वाढतो, तिथे ५० चा फरक हातात पडेपर्यंत ५० राहत नाही.

हा फरक सगळी वर्षे सारखाही नसतो. सुरुवातीला तो बहुधा लहान असतो आणि अनुभवाबरोबर रुंदावतो, म्हणजे मोठी रक्कम नेमकी उशिरा, वजावटीचा मार जास्त बसतो तेव्हा येते. मंदीच्या वर्षात बाहेर पडलेल्यांचे नुकसान पहिल्या पगारापुरते राहत नाही. कॅनडातील पदवीधरांच्या एका मोठ्या अभ्यासात ते भरून यायला सुमारे दहा वर्षे लागल्याचे आढळले. चार वर्षांनंतर बाजार कसा असेल हे आज कोणीच सांगू शकत नाही, त्यामुळे हिशेब एकाच आकड्यावर न करता चांगल्या, मध्यम आणि वाईट अशा तीन आकड्यांवर करावा, आणि वाईट आकड्यावरही घर तग धरते का, ते पाहावे.

आता दोन महाविद्यालयांचा प्रश्न. दुसऱ्याची फी २५ आहे असे धरू. बाकी सगळे सारखे असेल, तर त्याचा निव्वळ फायदा १३३ ऐवजी सुमारे २६३ होतो. महागड्या महाविद्यालयाला हे अंतर भरून काढायचे असेल, तर तिथल्या पदवीधराला सगळी अडतीस वर्षे दरसाल सुमारे ९ ने जादा पगार मिळत राहिला पाहिजे. नावाचा लाभ पहिली दहा वर्षेच टिकतो आणि पुढे माणसाचे काम बोलते असे मानले (आणि मला ते अधिक वास्तव वाटते), तर त्या दहा वर्षांत दरसाल साडेएकोणीस जादा मिळायला हवेत. १५० च्या पगारावर हे तेरा टक्के झाले. काही महाविद्यालये एवढा फरक खरोखर पाडतात. पण तिथले विद्यार्थीच निवडक असल्याने किती श्रेय महाविद्यालयाचे आणि किती विद्यार्थ्यांचे, हे वेगळे करावे लागते. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी अमेरिकेतील विद्यार्थ्यांबाबत नेमके हेच तपासले. साधारण सारख्याच महाविद्यालयांत अर्ज करून प्रवेश मिळवलेले, पण त्यांतले काही अधिक निवडक ठिकाणी आणि काही कमी निवडक ठिकाणी गेलेले, अशांची त्यांनी तुलना केली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार बहुतेकांच्या पुढील कमाईत फारसा फरक नव्हता. कमी उत्पन्नाच्या घरांतून आलेल्यांना मात्र निवडक महाविद्यालयाचा लाभ झालेला दिसला. ज्यांच्या घरी आधीपासून ओळखीपाळखी नाहीत, त्यांना महाविद्यालयातून मिळणारा परिचयांचा पैस जास्त उपयोगी पडतो, असा त्याचा अर्थ मी लावतो.

कर्जाचा विचार याहून वेगळा करावा लागतो, कारण तिथे प्रश्न आयुष्यभराच्या फायद्याचा नसून महिन्याच्या हप्त्याचा असतो. चार वर्षे दरसाल ६० असे २४० चे कर्ज ८ टक्क्यांनी घेतले आणि शिकत असताना व्याज साठत गेले, तर पदवी मिळेपर्यंत ते सुमारे २९२ होते. दहा वर्षांत फेडायचे तर वर्षाचे हप्ते सुमारे साडेबेचाळीस, म्हणजे १५० च्या पगाराचे २८ टक्के. पदवीमुळे मिळणारे जादा उत्पन्न ५० होते, त्यातले बहुतेक सगळे पहिल्या काही वर्षांत हप्त्यांतच जाते. महागाईने पगार वाढत जाईल तसा हा बोजा हलका होतो हे खरे, पण हप्ते थकण्याचा धोका सुरुवातीच्या वर्षांतच असतो, जेव्हा पगार कमी असतो आणि नोकरीही पक्की नसते. स्वस्त महाविद्यालयासाठी पूर्ण फीचे कर्ज काढले तरी हाच हप्ता पगाराच्या बारा टक्क्यांच्या आत राहतो. एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या अपेक्षित पगाराहून जास्त नसावे, हा या क्षेत्रातला जुना ठोकताळा आहे. तेवढ्या कर्जाला ८ टक्के दराने आणि दहा वर्षांच्या मुदतीने पगाराचे साडेचौदा टक्के लागतात, जे बहुतेक घरांना झेपते. मुदत पंधरा वर्षे केली की हप्ता साडेअकरा टक्क्यांवर येतो, पण १०० च्या कर्जापोटी एकूण १४६ ऐवजी १७२ फेडावे लागतात.

उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर गेल्यावरच फेड सुरू होते, अशी कर्जयोजना जिथे उपलब्ध आहे तिथे चित्र बदलते. ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये अशी राष्ट्रीय योजना सुरू केली आणि पुढे इतर काही देशांनी तो मार्ग घेतला. नोकरी न मिळाल्यास हप्ताही नाही, असा एक प्रकारचा विमाच त्यात असतो, त्यामुळे थोडा जास्त खर्चही पेलता येतो. साध्या कर्जात, विशेषतः आईवडिलांची जामीनकी किंवा घर तारण असलेल्या कर्जात, ही सोय नसते आणि सगळी जोखीम कुटुंबावर राहते.

पैशाबाहेरच्या गोष्टी मी या हिशेबात मिसळत नाही. कामाचा प्रकार, मान आणि पुढे उच्च शिक्षणाचा मार्ग खुला राहणे, या सगळ्याला मोल आहे आणि कमी पैसे मिळूनही एखादी शाखा निवडण्याचा मुलीला पूर्ण अधिकार आहे. फक्त त्या आवडीची किंमत किती पडते आहे, हे सर्वांना ठाऊक असावे.

पालकांनी विचारलेल्या प्रश्नापुरते माझे मत असे आहे. मुलगी अभ्यासात सातत्य राखणारी असेल आणि निवडलेल्या शाखेचा मध्यक पगार पदवीविना मिळणाऱ्या पगाराच्या दीडपटीच्या आसपास असेल, तर पदवी घ्यावी आणि ती स्वस्त महाविद्यालयातून घ्यावी. हाती आलेली नोकरी सोडण्याआधी ती शिकत शिकत अर्धवेळ करता येईल का, हेही मालकाला विचारून पाहावे, कारण बुडणाऱ्या १०० पैकी २० वाचले तरी हिशेबात सुमारे ७४ ची भर पडते. महागड्या महाविद्यालयाकडून वर सांगितलेले पाच आकडे लेखी मागवावेत. वेळेत उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण तिथे स्पष्टपणे जास्त असेल, किंवा मध्यक पगार दुसऱ्यापेक्षा निदान तेरा टक्क्यांनी वरचा असेल, तर कर्जाचा विचार करता येईल. आकडे आले नाहीत, तर मी त्या कर्जाच्या अर्जावर जामीनदार म्हणून सही करणार नाही.